कडंची मेंढरं

आगं रेश्मा, तू आधी नुस्तं ऐक, मदीच हसू नगंस.

आमच्या आम्रपाली मॅडमनी मला आन वर्गातल्या इंद्रजितला दोनशे-दोनशे फोटो दिलेते. अवकाशात सोडलेल्या दुर्बिणीनं काढलेले. प्रत्येक फोटोत दोन दीर्घिका, म्हंजी आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे मोठ्ठे घोळके. काम एवढंच, की त्या खरंच एकमेकीत घुसल्यात का नुसत्या एकीच्या मागं एक दिसत्यात, ते लिहायचं. ज्याची यादी चांगली, त्यानं महाबळेश्वरच्या शिबिरात सगळ्यांम्होरं बोलायचं. आन माझी निवडली गं. आईनं गल्लीत साखर वाटली. मॅडम म्हनल्या, सोमवारी यादी म्होरं जानार, तवर एकदा नजर टाक.

म्हनून रविवारी लॅपटॉप घिऊन सांगलीवरनं आप्पांकडं गेले. आप्पा म्हंजी माझे चुलते, अर्जुना. त्यांची मेंढरं सध्या रहिमतपूरजवळ एकाच्या रानात बसवल्यात, खतासाठी. मी बाभळीखाली फोटो बघतीया, तवर आप्पा भाकरी खात मागनं वाकले आन इचारलं, "कुनाचे कळप गं हे? डोंगरावरनं काढलाय व्हय फोटू?"

मी लय हसले. सांगितलं, आप्पा, हे तारे हायत, आन हे दोन घोळके एकमेकात घुसल्यात. त्यांनी भाकरी हातातच धरली, डोळं बारीक केलं आन म्हनाले, "न्हाई मिसळले."

कशावरनं म्हनलं. तर म्हनाले, लांबनं बघितलं की ह्या माळावरचा कळप आन पल्याडच्या माळावरचा कळप एकच वाटतूय. आमी सुदा फसतो, सोडवाय पळत जातो, तर मदी अख्खा वढा. "मदी बघून काय कळत न्हाई पोरी. कडंला बघायचं. खरं मिसळाय लागले की कडंची मेंढरं वढली जात्यात, लांब शेपूट निघतंय. हिथं दोन्ही जिथल्या तिथं हायत. कडंचं एक बी हाललं न्हाई."

रेश्मा, मॅडमनी हेच शिकवलं हुतं गं, धडकताना ताऱ्यांची लांब शेपटं बाहेर वढली जात्यात म्हनून. वहीत लिवलंय मी. पन फोटो बघताना नुस्तं मदी बघितलं, झगमगाट बघितला आन 'धडकल्या' लिवून मोकळी.

मग आप्पांना शेजारी बसवलं आन सगळे परत बघितले. एका फोटोत खरंच शेपूट हुतं, ते बघून म्हनाले, आता मालक भांडत आसतील. मी सांगितलं, ताऱ्याताऱ्यात लय जागा आसती, तारा ताऱ्याला धडकत न्हाई, दमानं दोन्ही घोळक्यांचा एकच व्हतो. आप्पा म्हनाले, तेवढं आमचं येगळं, आमची मेंढरं आपल्या मालकाच्या हाकंला परत येत्यात, आपून निवांत बसायचं.

पन मला कुठलं निवांत. एकोनीस चुकले हुते. एकोनीस. आन मॅडमनी मदले धा-वीसच फोटो तपासलेले, त्यांना ह्यातलं काय बी ठावं न्हाई. गप बसले आसते तर महाबळेश्वर माझं हुतं.

तिथनंच फोन लावला. मॅडमनी एकोनीसच्या एकोनीस फोटोंचे नंबर लिवून घेतले. मग म्हनल्या, "यादी सुधारून पाठव. पण निवड पहिल्या यादीवर होती, आणि एवढ्या चुका धरल्या तर इंद्रजितची यादी सरस ठरते, त्यामुळं आता बोलायला इंद्रजित जाईल."

यादी सुधारली. खाली 'तपासणाऱ्याचं नाव' आसा रकाना हुता, त्यात अर्जुना लिवलं. आप्पांनी ते बोटानं दोनदा वाचलं आन हळूच इचारलं, "आता वाटल्याली साखर परत मागत्यात का गं लोकं?"

आईला आजून सांगितलं न्हाई मी. पन खरं सांग रेश्मा, तू आसतीस तर केला आसतास फोन?