सरोडीवरची एक भरती

"बाबा, तंबूचे खुंटे वाळूत टिकतील का? का वाऱ्यानं सगळं उडून जाईल?" नीलेशने विचारलं आणि जेवायला बसलेली सगळी माणसं रामनाथकडे बघू लागली.

रामनाथच्या हातात भाकरीचा तुकडा होता. तो त्याने कालवणात बुडवला आणि तसाच ताटाच्या कडेला ठेवून दिला. आपल्या उत्तरासाठी घरात कुणी थांबतं, याची त्याला सवय नव्हती.

"नुसत्या वाळूत नाय टिकनार," तो म्हणाला. "गोनीत वाळू भरायची, दोरी गोनीला बांधायची नि गोनी पुरून टाकायची. मग कसलाबी वारा येऊ दे."

"बघ," नीलेश बायकोला, मेघालीला म्हणाला, "यूट्यूबवाला पण हेच सांगत होता."

"यांना घरातला साखरेचा डबा सापडत नाय," रामनाथची बायको जयवंती भात वाढता वाढता म्हणाली, "नि समुद्रातली गोनी बरी सापडते."

सगळे हसले. रामनाथही हसला. हसताना त्याने भाकरीचा तुकडा उचलून तोंडात टाकला आणि आज कालवणाला चव आहे, असं त्याला वाटलं.

नीलेश बोईसरच्या एका कंपनीत सुपरवायझर होता. पावसाळ्याआधी त्याने जुनी फोर बाय फोर जीप घेतली होती. चारही चाकं ओढतात, चिखल बघत नाही, वाळू बघत नाही, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. पण माकुणसारच्या वाडीतून निघून ती जीप कंपनीच्या गेटपर्यंत जाई आणि परत येऊन चिकूच्या झाडाखाली उभी राही. "एवढी मोठी गाडी, आणि आणायचं काय, तर पालघरहून कांदे," असं मेघाली एकदा म्हणाली. ते नीलेशला लागलं. कुठेतरी जायचं, तंबू ठोकून राहायचं, हॉटेलात नाही, असं त्याने त्याच दिवशी ठरवलं. कुठे जायचं यावर आठवडाभर वाद झाला, आणि सगळे दमल्यावर ओट्याच्या कोपऱ्यातून रामनाथ हळूच म्हणाला होता, "सरोडीला जावा. बैलगाडी जायची, जीप नाय जानार?"

सरोडी म्हणजे तारापूरच्या बाजूला एका खाडीच्या तोंडाशी असलेलं वाळूचं बेट. रामनाथ लहान असताना त्याचा बा गोठ्यावर घालायचं गवत कापायला तिथे जाई. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाच्या ओहोटीला खाडीचा तळ उघडा पडला की गाडी पलीकडे घालायची. भरती आली की रस्ता बंद. मग ती भरती बेटावरच काढायची, गवत कापायचं, गाडी भरायची आणि दुसऱ्या ओहोटीला परत यायचं. बा तसा घुमा माणूस. घरी महिना महिना पोराशी बोलत नसे. पण सरोडीवर, चारही बाजूंनी पाणी आल्यावर, तो बोले. बैलांचं, आजोबांचं, एका तुटलेल्या सोयरिकीचं सांगे. पाणी उतरलं की पुन्हा गप्प.

एवढं सोडलं तर रामनाथजवळ सांगण्यासारखं काही नव्हतं. नोकरीचा सगळा काळ त्याने एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात, जाळीच्या खिडकीमागे काढला. माणसं येत, कार्ड पुढे करत, निघून जात. ज्याला उशीर झालेला असे तोच तेवढा त्याच्या तोंडाकडे बघे. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी भाषणात त्याचं नाव रघुनाथ घेतलं, आणि दुरुस्त करायला तो उठला नाही. घरचा कारभार जयवंतीचा. वाडीत पाणी कधी सोडायचं, लग्नात आहेर काय करायचा, नीलेशला कुठल्या शाळेत घालायचं, सगळं तिने ठरवलं आणि ते ठीकच झालं.

आता मात्र रोज संध्याकाळी त्याला बोलावणं येई. "बाबा, पिण्याचं पाणी किती न्यायचं?" मेघाली विचारी. "आजोबा, तिथे साप आहेत?" हा प्रश्न कॉलेजात जाणाऱ्या नातीचा, किंजलचा. रामनाथ सांगे. चूल कुठल्या तोंडाने मांडायची, गाडी कुठे उभी करायची. पौर्णिमेला जा, असं त्यानेच सांगितलं. पौर्णिमेला ओहोटी खोल जाते, संध्याकाळी आत शिरता येतं, पहाटे परत निघता येतं. वर चांदणं. नीलेशने पौषातल्या पौर्णिमेचा शनिवार बघून रजा टाकली.

"आणि रात्रीची भरती?" नीलेशने विचारलं. "पौर्णिमेचं पाणी चढेल ना?"

"मधी उंचवटा हाय. त्याच्यावर गवत. तिथवर पानी कदी येत नाय."

नीलेशने मान हलवली. फोनवर नकाशातही त्याने बघून घेतलं होतं. खाडीच्या तोंडाशी लांबरुंद पिवळी वाळू स्पष्ट दिसत होती.

पण त्या 'कदी'ने रामनाथचं डोकं खायला सुरुवात केली. चिकूला पाणी देताना, दाढी करताना त्याला वाटे, आपण हे कुणाच्या भरवशावर बोललो? बाच्या? बाला जाऊन किती वर्षं झाली! पौर्णिमेच्या आधीच्या अमावास्येला, पालघरला बँकेत जातो असं सांगून तो बाहेर पडला आणि ट्रेनने पुढे जाऊन बोईसरला उतरला. अमावास्येलाही तसंच उधाण, आणि भरती भर दुपारी. उजेडात बघता येईल.

शेअर रिक्षा कारखान्यांच्या वासातून बाहेर पडून खाडीच्या बाजूला वळली. शेवटच्या फाट्यावर रिक्षावाला म्हणाला, "चाचा, आगे कुछ नहीं है. वापस आना है तो अभी बोलो." रामनाथ उतरला आणि चालू लागला.

किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होडीच्या सावलीत एक म्हातारा जाळं सांधत बसला होता. आपल्याला जिवल्या म्हणतात, असं त्याने सांगितलं. समोर खाडीचं तोंड तुडुंब भरलेलं होतं. पाणी सरळ क्षितिजापर्यंत गेलेलं.

"सरोडीचं बेट कुठं आलं?" रामनाथने विचारलं.

"ती काय, समोर."

"समोर तं पानीच हाय."

"मंग पान्याखाली," जिवल्या म्हणाला आणि हसला. "ओहोटीला या, दिसंल. ही एवडी पसरते. उधानाच्या भरतीला नाय राहत."

"नि गवत?"

"गवत?" जिवल्याने मान वर केली. "शेवटचं कदी आलेवते तुमी?"

"बाबरोबर यायचो."

जिवल्याचं हसू थांबलं. "तवा माजापन बा व्हता," तो म्हणाला आणि पुन्हा सुई चालवू लागला.

रामनाथने विचारलं, "एवडी वाळू गेली कुठं?"

"थोडी दर्यानं नेली, थोडी मानसांनी. तुमच्या पालघर-बोयसरच्या बिल्डिंगी कशाच्या झाल्यात? तुमाला काय करायचंय, गवत न्यायचंय का?"

"नाय. पोरं राहायला येनार व्हती. तंबू ठोकून. पुनवेला."

जिवल्याने सुई खाली ठेवली. "पुनवेला? रात्रीचं? कोनी सांगितलं त्यांना पुनवेला?"

रामनाथ पाण्याकडे वळला. "असंच," तो म्हणाला. "सांगितलं कोनीतरी."

परतीच्या वाटेवर त्याला एक युक्ती सुचली. गुडघा धरला म्हणायचं. माझ्याच्यानं होत नाही, पुढच्या वर्षी बघू म्हणायचं. नीलेश चिडेल, पण बाबांना सोडून कसं जायचं म्हणून बेत पुढे ढकलेल, आणि पुढचं वर्ष आलं की कुणाला आठवणार नाही. सरोडी आहे तिथे राहील. जेवताना कधी विषय निघाला तर कुणीतरी म्हणेल, बाबांचं ते बेट राहूनच गेलं. बोईसरहून आपल्या सफाळे स्टेशनापर्यंत तो गुडघ्याबद्दलची वाक्यं मनात जुळवत होता. सफाळ्याला उतरताना तो थोडा लंगडलासुद्धा.

घरी आला तर अंगणात तंबू उभा होता. नवा, नारिंगी रंगाचा. नीलेश दोऱ्या ओढत होता, मेघाली त्याला चुका दाखवत होती. किंजलने तंबूतून डोकं बाहेर काढलं.

"आजोबा, लवकर या! सगळ्यांच्या जागा ठरल्यात. तुम्ही दाराशी."

"का गो, दाराशी का?"

"म्हणजे काय? रात्री उठून पाणी बघायला तुम्हीच लागणार. बाकी कुणाला काय कळतंय? आम्ही सगळे झोपणार."

रामनाथ उभा राहिला. गुडघ्याची सगळी वाक्यं त्याला पाठ होती.

"पुनवेला जायचं नाय," तो म्हणाला. "सरोडी बुडते. मी आता बघून आलो."

नीलेशच्या हातातली दोरी सैल झाली आणि तंबू एका अंगाला कलला. "बुडते म्हणजे? मॅपवर एवढी मोठी वाळू दिसतेय, बाबा."

"ओहोटीचा फोटू असंल तो. भरतीला काय नाय राहत. उंचवटा नाय, गवत नाय. सगळं पानी."

"म्हणजे रात्री आपण तिथं…" नीलेश बोलता बोलता थांबला आणि त्याने किंजलकडे बघितलं.

"मला म्हाईत नव्हतं," रामनाथ म्हणाला.

कुणी त्याला काही बोललं नाही. एखाद्याने चार शब्द सुनावले असते तर त्याला बरं वाटलं असतं. "जाऊन आलात ते बरं झालं," नीलेश म्हणाला आणि खुंटे उपटू लागला. मेघालीने आत जाऊन चहा टाकला. चहा पिता पिता तिने दमणच्या एका रिसॉर्टचं नाव काढलं. तिची मैत्रीण जाऊन आली होती, पोहायचा तलाव होता, खाणं चांगलं होतं. नीलेशने फोनवर फोटो बघितले. किंजलने तलाव बघून "वॉव" म्हटलं. रजा मंजूर झाली होतीच, त्यामुळे शनिवार तोच राहिला. कपबशा विसळून होईपर्यंत सगळं ठरलं होतं.

मग रामनाथला कुणी काही विचारलं नाही. विचारण्यासारखं उरलंच नव्हतं. दमणला खोलीत पंखा होता, पाणी होतं, सकाळचा नाश्ता होता. तो संध्याकाळी ओट्यावर येऊन बसे, आतलं बोलणं ऐके आणि जेवायला बोलावलं की उठे. मी वाडी बघतो, तुमी जावा, असं तो एकदा म्हणाला. "वाडी कुठं पळून जातेय?" असं म्हणून जयवंतीने त्याचे कपडे पिशवीत भरले.

शनिवारी दुपारी जीप निघाली. बोईसर मागे पडलं तशी मागच्या सीटवरून जयवंती म्हणाली, "नीलेश, गाडी खाडीकडं घे."

"कुठल्या खाडीकडं?"

"सरोडीच्या. आता ओहोटी लागली असंल."

"आई, काय हाय तिथं आता? रूम दिलेली दुसऱ्याला देतील ते."

"देऊ दे. लग्न झाल्यापासून ऐकते मी सरोडी, सरोडी. मला बघायचीय." मग ती रामनाथकडे न बघता म्हणाली, "तुमी सांगा त्याला रस्ता."

रामनाथने रस्ता सांगितला. किनाऱ्यावर आज जिवल्या नव्हता. पाणी पार मागे गेलं होतं आणि खाडीच्या तोंडाशी वाळू उघडी पडली होती. ओली, सपाट, दूरवर पसरलेली.

"बाबा, कुठून घालू?" नीलेशने खिडकीतून बाहेर बघत विचारलं.

"मला नको विचारू," रामनाथ म्हणाला. "तू उतरून पायानं बघ. घट्ट लागंल तिथनं घाल."

नीलेश उतरला, दूरपर्यंत चालत जाऊन आला आणि मग त्याने गिअरचा लहान दांडा ओढला. जीप घरघरत, चारही चाकांनी वाळू ओढत पलीकडे गेली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच ती त्या कामाला लागली होती, पण कुणी त्याबद्दल बोललं नाही.

पलीकडे काही नव्हतं. लाटांनी ओढलेल्या रेघा, खेकड्यांनी काढलेल्या वाळूच्या गोळ्या, एक फुटकी प्लास्टिकची बरणी. किंजलने उतरून दोन-चार फोटो काढले आणि वारा लागतोय म्हणून परत आत बसली. नीलेशने इंजिन बंद केलं नाही. "पाणी फिरलं की लगेच निघायचं हां," तो म्हणाला.

रामनाथ थोडा पुढे जाऊन उभा होता. वाळू सगळीकडे सारखीच होती. आपण बेटाच्या मधे उभे आहोत की कडेला, हेही त्याला कळेना.

जयवंती चपला हातात घेऊन, लुगडं घोट्याच्या वर धरून त्याच्याजवळ आली.

"गवत कुठवर व्हतं?" तिने विचारलं.

त्याने इकडेतिकडे बघितलं. मग हात उचलून समोर दाखवलं. तिथे समुद्र होता.

"किती उंच?"

"तुज्या खांद्याला लागंल एवडं. वारा आला का सगळं एका अंगाला निजायचं."

"नि बैल कुठं बांदायचे?"

"त्याच्या अलीकडं. गाडी आडवी लावायची, तिच्या आडोशाला."

"तुमी?"

"आमी गाडीखाली."

जयवंतीने उन्हासाठी कपाळावर हात धरला आणि त्याचं बोट होतं तिकडे बराच वेळ बघितलं. दूर एक होडी चालली होती. बाकी पाणीच.

"बरी जागा व्हती," ती म्हणाली.

मागे नीलेशने हॉर्न वाजवला, हळूच, एकदाच. दोघंही लगेच वळली नाहीत.