लग्नाचा उजेड

"यांचं तोंड जरा उजल येऊं दे हां, फुरकानभाय," डोक्यावर पदर घेऊन बांधावर बसलेली हौसा म्हणाली. "नायतर मानूस कुठला नि चिखल कुठला, कलायचं नाय."

"लगनात नाय उजललो, तो आता उजलनार?" तिचा नवरा जनू म्हणाला आणि लांब दांड्याची लाकडी फळी घेऊन मिठाच्या कोंडीत, उथळ चौकोनी वाफ्यात, उतरला.

फुरकान हसला, पण हसायलाही त्याला जरा वेळच लागला. काल खांब गावात हळदीचं शूटिंग होतं, आज संध्याकाळी रोह्याला रिसेप्शनचं, आणि मधल्या दुपारी पेणच्या खाडीकाठचं हे मिठागर. खरं तर सकाळी यायचं ठरलं होतं. तिरप्या उन्हात मिठाची सावली पडते, खडान्‌खडा वेगळा दिसतो. पण सकाळी रोह्याशेजारच्या अष्टमी गावातल्या घरात त्याचा डोळाच उघडला नव्हता. लग्नसराई सुरू झाल्यापासून झोप अशीच चुकत होती.

काम प्रविणचं होतं, जनूच्या मुलाचं. तो रोह्याला कंपनीत शिफ्टवर. मालकाने मिठागर बंद करायचं ठरवलं होतं. आज संध्याकाळी शेवटची रास गाडीत भरली, की रात्रीच्या भरतीला बांधातल्या उघाडीचं दार वर करून खाडी आत घ्यायची. मग म्हातारा-म्हातारी प्रविणच्या ब्लॉकमध्ये राहायला जाणार होती.

"बाबा तिथं करतील काय?" प्रविण फोनवर म्हणाला होता. "भिंतीकडं बघत बसतील. निदान टीव्हीवर त्यांचं मिठागर लावून देईन म्हणतो. मीठ ओढतानाचं घ्या. तेवढंच."

म्हणून जनूने एक कोंडी न ओढता राखून ठेवली होती.

फुरकानने ड्रोन बांधावर ठेवला. उन्हात कॅमेऱ्यावर चढवायची काळी काच त्याने काल हळदीच्या वेळी काढली होती. ती बॅगेच्या तळाशी कुठेतरी होती. एका बॅटरीपुरतं काम, राहू दे, असं त्याने स्वतःलाच सांगितलं. फोनच्या पडद्यावर जनूच्या चेहऱ्यावर बोट ठेवून कॅमेऱ्याचा उजेड कायम केला, सवयीने अंगठ्याने थोडा वाढवला आणि ड्रोन वर सोडला.

जनू पलीकडच्या कडेपासून फळी आपल्याकडे ओढत होता. मीठ करकरत गोळा होत होतं. फोनच्या पडद्यावर ऊन इतकं चमकत होतं, की हाताचा आडोसा करूनही फुरकानला माणसाचा आकार तेवढा दिसला. तेवढ्यावरच त्याने भागवलं. काम संपल्यावर जनूने फळी बांधावर दोनदा आपटली. चिकटलेलं मीठ झडलं.

"झालं?" जनूने विचारलं.

"झालं, काका."

रिसेप्शनला निघण्याआधी कार्ड मोकळं करायचं म्हणून त्याने घरी लॅपटॉप उघडला, तेव्हा त्याला कळलं. जनू छान आला होता. कपाळावरच्या आठ्यासुद्धा मोजता आल्या असत्या. बाकी सगळं पांढरं होतं. कोंडी नाही, रास नाही, खडा नाही. कोऱ्या कागदावर एक म्हातारा काहीच नसलेलं ओढत होता.

अंधारात गेलेलं थोडंफार वर काढता येतं. जळून पांढरं झालेल्यातून काही निघत नाही. उजेड हाताबाहेर गेला की पडद्यावर तिरपे पट्टे उठतात. ते पट्टे त्याने स्वतःच कधीचे बंद करून टाकले होते. निकाहला पांढऱ्या कुर्त्यांची गर्दी असली की सगळा पडदा पट्ट्यांनी भरून जायचा. आणि लग्नवाल्यांना काय, कपडे जळाले तरी चालतात, नवरी-नवरा गोरे दिसले पाहिजेत. हाताला तोच उजेड बसला होता.

त्याची बायको फरझाना चहा घेऊन मागे उभी राहिली. "तोंड तर मस्त आलंय," ती म्हणाली. "द्या तसंच. कोन खोड काढनार?"

त्याने लॅपटॉप मिटला. जनूला फोन लावला.

"काका, थोडं मीठ राहिलंय काय?"

"गाडी आताच गेली रं. झाडून नेलं. का?"

"काय नाय. सकाली येतो."

सकाळी मिठागर नव्हतंच. बांधाच्या आत गढूळ पाणी पसरलं होतं, गुडघ्याच्या खाली. कालची कोंडी कुठली हे फुरकानला सांगता आलं नसतं. हौसा झोपडीतली भांडी गोणीत भरत होती. फळी दाराला टेकून उभी होती.

त्याने फोन जनूच्या हातात दिला. जनूने तो लांब धरला, मग जवळ घेतला.

"मीठ कुठं हाय?"

"जळलं, काका. उजेड जास्त घेतला मी."

जनू पुन्हा बघत राहिला. "दुपारचं मला असंच पांढरं दिसतं," तो शेवटी म्हणाला. "लय वरसं झाली."

"तुमचं डोलं गेलं म्हनून त्याचं पन गेलं काय?" हौसा म्हणाली. मग गोणीची गाठ मारता मारता आवाज उतरवून, "मीच बोल्ले ना त्याला, उजल येऊं दे."

"तुम्ही बोलला नसता तरी तेच झालं असतं, काकू. हातच तसा बसलाय."

फुरकानला दुपारी पुन्हा रोहा गाठायचं होतं. प्रविणला काय सांगायचं ते त्याला सुचत नव्हतं.

जनूने फळी उचलली. "लाव तुझं ते," म्हणाला आणि पाण्यात उतरला.

"काका, आता काय हाय तिथं?"

"लाव."

फुरकानने बॅग उपसून काळी काच शोधली, चढवली. पट्टे चालू केले. या वेळी त्याने जनूच्या तोंडावर बोट ठेवलं नाही, सगळ्यात उजळ पाण्यावर ठेवलं. ड्रोन वर गेला. ऊन अजून तिरपं होतं.

जनू पायाने चाचपत एका जागी थांबला आणि पलीकडच्या कडेपासून ओढू लागला. कालच्यासारखाच, फळी जरा उचलून, मागे सरकत. पडद्यावर एकही पट्टा उठला नाही. बांधावरचं गवत दिसत होतं, पाण्यावरच्या सुरकुत्या, फळीमागे वर येणारा चिखल, जनूची वाकलेली पाठ.

शेवटची ओढ झाल्यावर तो बांधाशी आला. फळी दोनदा आपटली. तिच्यातून पाणी गळलं.