दिवसा सांगितलेली गोष्ट

कस्तुराबाईच्या गोष्टीत राजानं राणी टाकली की बारा वर्षांनी तो परत येणार, हे वालूरात शेंबड्या पोरालाही पाठ होतं. आवडती, नावडती, नावडतीचं खोपटं, बारा वर्षं, मग दारात रथ. सांगून सांगून म्हातारी इतकी कंटाळली होती की तोंड आपलं चालायचं आणि मन भाकरीच्या पिठात असायचं. बाराच का, असं कुणी विचारलं तर म्हणायची, "गोष्टीला तेवढं लागतंच."

खरं दुखणं घरातच होतं. लेक कावेरी. झरीच्या किशनरावानं दुसरी बायको आणून हिला माहेरी धाडलं, त्याला नऊ वर्षं झाली. मागून सोडचिठ्ठीही आली. ती कावेरीनं उतरंडीच्या तळाच्या मडक्यात टाकली. पूर्णेचा मुंजाजी, निजामाच्या रेल्वेत गँगवर काम करणारा भला विधुर, कावेरीशी पाट लावायला, म्हणजे पुन्हा लग्न करायला, दोनदा विचारून गेला होता. कावेरीचं उत्तर ठरलेलं: "अजून तीन वर्सं हायेत."

पहिल्यांदा कस्तुराबाईला हसू आलं. मग कळलं, पोरगी हे कुठून बोलतेय. आपल्याच तोंडानं आपण लेकीच्या पायात बेडी घातली, या विचारानं तिला घास गोड लागेना.

आज मुंजाजीसाठी शेवटचा जवाब न्यायला तिचा भाऊ चंद्रभान, कावेरीचा मामा, येणार होता. मायलेकी ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होत्या.

"गोष्ट सांगते," कस्तुराबाई म्हणाली. "हुंकार दे."

"भरदिवसा? दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो, म्हून तूच दटावायचीस की."

"चुकू दे."

कावेरी हसली. मामा चुकला तर तिला हवंच होतं.

हुंकाराशिवाय गोष्ट पुढं न्यायची नाही, हा कस्तुराबाईचा नेम. ऐकणारा गप्प झाला की तीही गप्प. मग राक्षस अर्ध्यात उभा का असेना.

"एक राजा व्हता. नावडतीला त्यानं खोपटात धाडलं."

"हूं."

"एक वर्स झालं. दोन झाली."

"हूं."

"बारा झाली."

"हूं!" कावेरी जोरात म्हणाली.

"राजा आला न्हाई."

हुंकार आला नाही. कस्तुराबाई नेमाप्रमाणे थांबली. उभ्या जन्मात तिनं गोष्ट अशी मोडली नव्हती.

"चुकलीस माय," कावेरी म्हणाली. "येतो त्यो. रथ घिऊन येतो."

"मीच आणत व्हते त्याला. दर बारीला मीच. आता लय थकले गं. न्हाई आणवत."

दोघी सोलत राहिल्या. सुपातल्या शेंगा संपल्या, टरफलांचा ढीग झाला. मग कावेरी खाली मान घालून हळूच म्हणाली, "हूं."

"मग राणीनं खोपट्याचं दार लावलं आन् निघाली."

"कुठं?"

"त्ये मला ठावं न्हाई. ह्याच्या फुडं म्या कधी सांगितलंच न्हाई."

कावेरी उठून आत गेली. उतरंड उतरवल्याचा आवाज आला. ती चिठ्ठी घेऊन बाहेर आली, पदरानं तिच्यावरची धूळ पुसली आणि उंबऱ्यावर बसली. ऊन कलंडलं होतं. रस्त्यावर कुणीच दिसत नव्हतं. ती बराच वेळ तिकडं बघत राहिली.

"माय," ती म्हणाली, "दिवसाच सांगितलीस गं. मामा वाट चुकायचा न्हाई ना?"