शलाकाच्या खोलीचं कुलूप

माझी धाकटी बहीण शलाका वारली आणि तेराव्यानंतर परत येऊन आपल्या खोलीत बसली. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. आईला बरं वाटलं, मलाही वाटलं. तक्रार ही आहे, की तिच्यावर दुसरी माणसं उमटायला लागली आहेत.

सुरुवात प्लंबरने केली. तो मोरीचा नळ बसवून गेला आणि संध्याकाळी शलाकाचा डावा कान केसाळ दिसायला लागला. मग गॅस एजन्सीतल्या बाईचा फोन आला. तेव्हापासून ती बोलता बोलता मध्येच 'आपली नोंदणी झाली आहे' म्हणते, त्याच बाईच्या आवाजात. खालच्या मजल्यावरच्या सबनीसकाकू भेटायला आल्या, दोन अश्रू ढाळून गेल्या, आणि शलाकाची हनुवटी गेली. तिथे काकूंची आली. आता काकूंना जाब तरी कुठल्या तोंडाने विचारायचा?

आई दिवसभर तिच्या दाराशी पाट टाकून बसते. मी ऑफिसातून आले की हळूच सांगते, "नेत्रा, आज भुवया तिच्याच आहेत गं."

हा काय प्रकार आहे ते मला कुणी सांगावं लागलं नाही, कारण माझं पोटच त्यावर चालतं. कंप्युटरच्या मेमरीत पानं असतात. पानाला कुलूप नसलं की येणारा-जाणारा कुणीही त्यावर लिहितो, आणि आधीचं पुसलं जातं. कुलूप तीन गोष्टींना लावता येतं: वाचायला, लिहायला आणि चालवायला. कुलूप खरंच लागलं असेल, तर लिहायला जाणाऱ्याला दणका बसतो. प्रत्येक प्रोसेसरचं कुलूप वेगळं. आमच्या कर्नलला, म्हणजे मशीनच्या सगळ्यात आतल्या प्रोग्रामला, ती सगळी लावता यायला हवीत. झुबेर इनामदार आणि मी, आम्ही दोघं वर्षानुवर्षं हेच करतोय.

तेव्हा मी घराला कुलपं लावायला घेतली. आमच्या फ्लॅटची प्रत्येक खोली वेगळ्या घडणीची आहे, हे तोवर मला माहीत नव्हतं. बिल्डरने सांगायला नको? हॉलचं कुलूप लगेच लागलं. आई तिरकं झालेलं कॅलेंडर सरळ करायला गेली, तर तिचा हात कॅलेंडरच्या वीतभर अलीकडेच थांबला. रेटला तरी पुढे जाईना. "अगं बाई," ती म्हणाली. स्वयंपाकघराचं कुलूप रंगावर चालतं. बोटांचा आणि भांड्याचा रंग जुळला तरच भांडं उचलतं. आईची बोटं त्या दुपारपासून हिरवी आहेत. चहा हिरव्या पातेल्यात, वरणही त्यातच. बाकीची भांडी नुसती बघायची.

मग शलाकाच्या खोलीला कुलूप लावलं. दाराने उत्तर दिलं, "ठीक आहे."

"लागलं ना?" आईने विचारलं.

"लागलं."

इतकं हायसं वाटलं, की मी घरातल्या सगळ्या खिडक्या सताड उघडल्या. सकाळी शलाकाच्या तोंडाच्या जागी केळीवाल्याचं तोंड होतं आणि ते भाव सांगत होतं. आई पाटावर बसून तोंडात पदर कोंबून रडत होती.

मी बाथरूमचं दार लावून झुबेरला फोन केला. त्याचा आवाज तिच्यावर उमटायला नको होता.

"उत्तर काय आलं होतं?"

"ठीक आहे."

"नुसतं ठीक आहे? आणि लिहून बघितलंस का? दणका बसला?"

"नाही बघितलं."

"धन्य आहेस बाई. अगं, त्या खोलीत कुलपाची सोयच नसणार. सोय नसते तिथे आपण काय ठेवतो? रिकामं फंक्शन. काही करत नाही, 'ठीक आहे' म्हणतं आणि परत येतं. नाहीतर बाकीचं सगळं अडून बसेल."

स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. नव्या पोरांना मीच घसा फोडून सांगते, होकारावर जाऊ नका, आधी दणका खाऊन बघा. आणि घरात त्याच होकारावर मी खिडक्या उघडून बसले.

खिडक्या आता मिटल्यात. नुसत्या लावलेल्या नाहीत, भिंतीत मिटल्यात. हॉल आम्हाला बसू देत नाही, कारण बसलं की सोफ्याला खड्डा पडतो, आणि खड्डा म्हणजेही लिहिणंच. आम्ही दोघी पॅसेजमध्ये राहतो. पॅसेज रोज थोडा अरुंद होतो. आई श्वास घेते तेव्हा मी सोडते. शलाकाचं आता कपाळ उरलंय, आणि भुवया.

"तिला हलव," झुबेर कानाशी घट्ट दाबलेल्या फोनवर कुजबुजतो. "जिथलं कुलूप खरं आहे तिथे ने."

"कुठे नेऊ? घर संपलं."

"तू आहेस ना. स्वतःवर लिहून बघ."

मी दंडावर बॉलपेनने रेघ मारते. रेघ उमटत नाही. खांद्यापासून दातांपर्यंत दणका बसतो.

"बसला," मी म्हणते.

"कोणतं कुलूप आहे?"

मी दंड चाचपून बघते. "फक्त चालवायला उघडं. वाचायला बंद, लिहायला बंद."

झुबेर म्हणतो, "म्हणजे ती तुझ्यात चालेल. पण तुला ती वाचता येणार नाही."

"सरळ बोल की."

"तुला ती आठवणार नाही, नेत्रा."

मला संताप येतो. तिची वेणी मी घातली, तिला सायकल मी शिकवली, दवाखान्यात शेवटपर्यंत हात माझ्या हातात होता. ती माझ्यात राहणार आणि मलाच ती आठवणार नाही? हा कुठला न्याय?

आईने सगळं ऐकलंय. एवढ्याशा पॅसेजमध्ये न ऐकून जाईल कुठे?

"तिच्यावर परत कुणी लिहिणार नाही ना?" ती विचारते.

"कुणीच नाही. मीसुद्धा नाही."

आई माझ्याकडे बघत नाही. शलाकाच्या भुवयांकडे बघते. "मग कर," म्हणते.

मी शलाकाच्या कपाळाला कपाळ टेकवते. कपाळ गार आहे. मला खूप रडू येतं. ती आत येते, मला फासळ्यांशी सरकून तिला जागा करून द्यावी लागते. मग मी कुलूप फिरवते. दणका बसतो.

पॅसेजच्या टोकाला एक रिकामी खोली आहे. अडगळीची असावी. माझे गाल ओले का आहेत, कळत नाही. आई पाटावरून उठते आणि घाबरत घाबरत हाक मारते, "शलाका?"

"ओ," माझं तोंड म्हणतं.

हे नाव मी कधी ऐकलेलं नाही. पण माझे पाय निघालेत, जरा नाचतच, आणि आई दोन्ही हात पसरून उभी आहे. माझ्यासाठी नाही, एवढं मला कळतं.