येशूची काथ्याची दाढी

मी एक जुनी दाढी आहे. हसू नका, मित्रांनो. नारळाच्या काथ्याची, झाडाच्या सालीच्या रंगात बुडवलेली, मागे इलॅस्टिक लावलेली. सामोआमधल्या आमच्या गावात दर गुड फ्रायडेला देवळासमोर येशूच्या दुःखाचं नाटक होतं, त्यातल्या येशूची दाढी मीच. एरवी बिस्किटांच्या डब्यात पडून असते. तिथे मला घडीभर चैन पडत नाही.

मला बनवलं गावचे प्रमुख लेमालू यांनी, मांडीवर काथ्या वळून वळून. पहिले येशू तेच. आता खरं सांगायचं तर त्यांच्या हनुवटीवर औषधालाही केस नव्हता, म्हणून तर माझा जन्म! पण माणूस श्रद्धाळू. नाटकाआधी उपास करायचे, मला हातात घेऊन प्रार्थना करायचे, मगच तोंडाला लावायचे.

ते थकले तेव्हा मी पेलेतीच्या हनुवटीवर गेले. उंचापुरा, देखणा पोरगा. लोक म्हणायचे, काय येशू शोभतो! पण त्याचं पाठांतर म्हणजे आनंदीआनंद. क्रुसावर चढला की हमखास विसरायचा. मग क्रुसामागून त्याची बहीण फुआतिनो हळूच वाक्य पुरवायची. माझ्या कानाशीच बोलायची म्हणा ना. टाळ्या पेलेतीला मिळायच्या, आणि ती मागच्या मागे चटया गुंडाळायला लागायची.

यंदा पेलेती आणि गावातले सगळे तरुण संत्री तोडायला ऑस्ट्रेलियाला गेले. ईस्टरपर्यंत परतणार नव्हते. गावच्या सभेत लेमालू म्हणाले, नाटक बंद. तेव्हा फुआतिनो उभी राहिली. म्हणाली, मला सगळं येतं, मी येशू होते.

झालं, सभेत कालवा उठला. बायकासुद्धा म्हणाल्या, सुभेदार पिलात हो, शिष्य पेत्र हो, पण येशू नको. लेमालू म्हणाले, "येशू पुरुष होता, पोरी. तुझ्या गालाला काथ्या चिकटवून देवाची थट्टा करायची का?"

फुआतिनोने मान खाली घातली, पण ती बसली नाही. मित्रांनो, लपवत नाही, मीही तेव्हा फणकारले होते. त्या गुळगुळीत गालावर मी? मराठीत मी 'ती' दाढी, मिशीसुद्धा 'ती'च, हे मात्र सोयीस्कर विसरले.

मग देवळाचे पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, बोलले. आमच्याकडे घरात बहिणीचा मान फार मोठा. त्या मानाला शब्द आहे, फेआगाइगा. पूर्वी कधीतरी गावांनी तोच मान आपल्या पाळकालाही दिला.

पाळक म्हणाले, "तुम्ही मला रोज बहिणीच्या मानानं हाक मारता. मी बाप्या माणूस, मला वेणी नाही. कुणाला कधी खटकलं? मी बहिणीच्या जागी बसलेला चालतो, तर तिला भावाच्या जागी उभं राहू द्या."

सभेने होकार दिला. लेमालू मात्र उठून गेले.

नाटकाच्या दिवशी ते आले आणि पुढच्या चटईवर बसले. माझा जीव टांगणीला. फुआतिनो क्रुसावर चढली. ऊन मरणाचं, ती घामाने निथळत होती. ऐन 'हे बापा, त्यांना क्षमा कर' या वाक्याआधी माझं कुजकं इलॅस्टिक तुटलं आणि मी थेट धुळीत. मागे कुणीतरी खुदकन हसलं. जिने इतकी वर्षं दुसऱ्याला वाक्यं पुरवली, तिलाच वाक्य आठवेना, आणि क्रुसामागे कुणीच नव्हतं.

लेमालू उठले. आता हे नाटक थांबवणार, असंच सगळ्यांना वाटलं. त्यांनी वाकून मला उचललं, झटकलं, आणि वर बघत हलक्या आवाजात क्षमेचं वाक्य पुरवलं. फुआतिनोने ते मोठ्याने म्हटलं. उघड्या चेहऱ्याने. पुन्हा कुणी हसलं नाही. म्हाताऱ्याची मूठ माझ्यावर इतकी आवळली होती की माझे चार तंतू तुटले. मला वाईट वाटलं, कारण माझ्याशिवाय येशू झाला होता. आणि बरंही वाटलं, ते का हे मला अजून नीट सांगता येत नाही.

आता मी पुन्हा डब्यात आहे. पेलेती परतलाय, तिकडे म्हणे खरीखुरी दाढी वाढवून. पुढच्या वर्षी कोण, यावर गावात कुजबुज चालू आहे. माझी तगमग काही थांबत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा. डब्यात कापूर टाका, झुरळांपासून सांभाळा. पण आमच्यापायी माणसाला अडवू नका. आम्ही तोंडाला लावायच्या वस्तू, बोलायचं माणसाने.

आणि हो, काल लेमालूंनी मला नवं इलॅस्टिक लावलं. फुआतिनोला समोर बसवून, तिच्या डोक्याच्या मापाचं.