बॉनेटवरची हळद

लालासाहेबांनी फडकं पिळलं आणि बॉनेटवरून तिसऱ्यांदा फिरवलं.

"आवं, तितं न्हाई," लीलाबाई दारातून म्हणाल्या. "जरा अलीकडं. अजून पिवळंधमक हाय की!"

"निघालं की."

"काय निघालं? मला हितनं दिसतंय."

लालासाहेबांनी फडकं अलीकडे सरकवलं आणि जोर लावला. त्यांना सगळं बॉनेट एकाच रंगाचं दिसत होतं, दुधावरच्या सायीसारखं. कुठे घासायचं ते बायकोच्या आवाजावरून ठरत होतं. सकाळचा गारवा असूनही त्यांच्या मानेवर घाम आला होता.

गाडी पांढरी मारुती, नवी कोरी. आठ दिवसांपूर्वी साताऱ्याच्या शोरूमचा माणूस ती दारात आणून सोडून गेला होता. लीलाबाईंनी हौसेनं पूजा केली, घरची हळद कालवून बॉनेटवर हातभर स्वस्तिक काढलं, वर कुंकू वाहिलं. पूजेचं पुसू नये म्हणून पाच दिवस त्याला कुणी बोटही लावलं नाही. हळद घरच्या रानातली, सांगलीच्या पेठेत भाव खाऊन जाणारी. तिनं नव्या रंगात घर केलं. मग गावातल्या एसटीडीवर मुलाचा, साईराजचा, सीमेवरून फोन आला, तेव्हा लीलाबाईंनी रडवेल्या आवाजात त्याच्या कानावर घातलं. तो म्हणाला, "आबांस्नी सांग, सांगलीला जाऊन रंगावर कोटिंग मारून घ्या म्हनावं. पुन्यांदा डाग धरनार न्हाई. शिवांजलीला डॉक्टरकडं न्यायचंच हाय, त्याच खेपंला करा."

त्याच खेपेला. साईराजला बोलायला काय जातंय!

लालासाहेबांनी बावीस वर्षं फौजेत गाडी चालवली होती. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी आणि मधे बर्फ, अशा रस्त्यावरून त्यांनी दारूगोळ्याचे ट्रक नेले होते आणि एकदाही त्यांचा पाय उगाच ब्रेकवर गेला नव्हता. आता इस्लामपूर ते सांगली या सपाट, लहानपणापासून पायाखालच्या रस्त्याची त्यांना भीती वाटत होती. गेल्या दिवाळीपासून डोळ्यांपुढे धूर साचल्यासारखं झालं होतं. ऊन समोर आलं की त्या धुराचं पांढरं कापड व्हायचं. कुणाला सांगितलं नव्हतं. शेजारच्या अर्जुनानं एका शिबिरात मोतीबिंदू काढून घेतला आणि तो डोळा कायमचा मिटला, ते त्यांनी जवळून पाहिलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून मूठ झाकलेली.

पण ही गाडी नुसती मिरवायला घेतलेली नव्हती. गेल्या वर्षी सुनेला, शिवांजलीला, सातव्या महिन्यात एकाएकी त्रास सुरू झाला. वडापची, भाड्यानं माणसं नेणारी, जीप मिळेपर्यंत दोन तास गेले आणि दवाखान्याच्या पायरीवर सगळं संपलं. साईराजनं तेव्हाच ठरवलं, दारात आपली गाडी पाहिजे. "ड्रायव्हर तर घरातच हाय," तो म्हणाला होता. लालासाहेबांनी तेव्हा मिशीवर हात फिरवला होता. भावकीतला सिद्धू कारखान्याला उसाचा ट्रॅक्टर चालवायचा, त्यानं "आबा, मी मारू का एक चक्कर?" म्हणून विचारलं, तर त्याला चारचौघांत सुनावलं होतं, "ट्रॅक्टर हाकनाऱ्यानं ट्रॅक्टर हाकावा. मी हाय तवर ह्या स्टेरिंगला दुसऱ्याचा हात लागनार न्हाई."

म्हैस आजउद्या व्यायची होती म्हणून लीलाबाई घरी राहिल्या. शिवांजली डोक्यावरचा पदर सावरत पुढच्या सीटवर बसली. नववा लागला होता. निघण्याआधी लालासाहेबांनी फौजेतल्या सवयीनं गाडीला एक फेरी मारली, चारी टायरांवर हात ठेवला, दिव्यांवरून बोटं फिरवली. हाताला सगळं नीट लागत होतं. हातावर गाडी चालली असती तर काय हवं होतं!

इस्लामपूर मागं पडलं आणि ऊन समोरून आलं. लालासाहेबांनी जीव मुठीत धरून स्टेअरिंग पकडलं. कारखाने सुरू होते, रस्ताभर उसाच्या गाड्या होत्या. आणि त्यात ही पोरगी बोलायला लागली. घरात हाकेला ओ देण्यापुरतं तोंड उघडणारी, गाडीत बसल्यावर तिच्या तोंडाचा पट्टा थांबेना.

"आबा, त्या बैलांच्या शिंगांस्नी गोंडे बगा कसलं बांधल्यात! किती हळू चालल्यात बिचारी."

लालासाहेबांनी बघायला म्हणून डोळे ताणले, तर पांढऱ्या उजेडातून एक काळा ढीग एकदम अंगावर आला. त्यांनी करकचून ब्रेक दाबला. उसाचे शेंडे काचेपासून हातभरावर हलत होते. त्यांनी चोरून सुनेकडे बघितलं. तिचा एक हात पुढच्या फळीवर घट्ट होता, दुसरा पोटावर.

"लागलं का ग?"

"न्हाई वो. ऊस किती गोड वास मारतोय, न्हाई का?"

पुढे ते तिसावरच राहिले. तिची बडबड चालूच. त्या सायकलवाल्याच्या मागं बसलीया तिचं लुगडं किती लाल हाय. ही एसटी किती अंगाला घासून जातीया बाई. साळंची पोरं बगा, रस्त्यावर कशी खेळत चालल्यात. लालासाहेबांना तिचा राग येत होता. इथं आपला जीव टांगणीला लागलाय आणि हिला लुगडी सुचतायत. 

सांगलीत डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि सांगितलं, "बाळ खाली सरकलंय. पंधरा दिवसांत कधीही. कळा सुरू झाल्या की वेळ घालवू नका. गाडी आहे ना घरची?"

"हाय," शिवांजली म्हणाली. लालासाहेब तेव्हा दाराशी उभे होते. त्यांनी ऐकलं. कधीही म्हणजे पहाटे, म्हणजे दुपारी, म्हणजे आजसुद्धा. त्यांना समोर उसाचे ते शेंडे दिसले, या खेपेला काचेच्या आत.

कोटिंगचं दुकान बसस्टँडच्या मागच्या रस्त्याला होतं. मालक मधुकरराव हसतमुख, पांढऱ्या सदऱ्यातले, माणूस बोलण्यात तरबेज. त्यांनी आधी बॉनेट पाहिलं आणि ते खो खो हसले.

"सांगलीची गाडी आणि हळद लागली नाही असं झालंय का कधी! काळजी करू नका. डाग काढतो आणि वर थर देतो. आता दोन प्रकार आहेत. एक मेणाचं पॉलिश, तासाभरात होतं, लगेच घेऊन जा. पण दोन-तीन महिन्यांत उतरतं. दुसरं हे नवीन कोटिंग. ते भट्टीसारख्या दिव्याखाली वाळवावं लागतं. गाडी आज इथे ठेवा, उद्या संध्याकाळी न्या. मग वर्षं-दोन वर्षं बघायला नको."

"गाडी ठेवावीच लागती व्हय?" शिवांजलीनं विचारलं. लालासाहेबांना तिचा आवाज जरा वेगळा वाटला.

"मेणाचं करा," ते घाईनं म्हणाले. "गाडी घेऊनच जानार आमी."

ड्रायव्हर घरातच असताना गाडी दुकानात ठेवून एसटीनं घरी जायचं, गावात शिरताना चार लोकांनी विचारायचं, आणि परत उद्या यायचं. नको. जसे आलो तसे जाऊ, हळूहळू जाऊ.

"अहो, ठरवायच्या आधी बघा तरी," मधुकरराव म्हणाले. त्यांनी फळीवरचे दोन पांढरे पत्रे काढून टेबलावर मांडले. "एकावर मेण आहे, एकावर कोटिंग. सकाळीच दोन्हींवर ओली हळद थापून ठेवली होती." त्यांनी दोन्ही पत्रे नळाखाली धरले, फडक्यानं सारखेच पुसले आणि समोर उभे केले. "आता मी नाही बोलणार. तुम्हीच सांगा, कोटिंगचा कुठला?"

लालासाहेबांनी पाहिलं. दोन पत्रे होते. दोन्ही सायीच्या रंगाचे, दोन्ही एकाच दुधावरचे. त्यांनी पापण्या मिटून उघडल्या. डोकं थोडं तिरकं केलं. बावीस वर्षांत कुणी त्यांना एवढा सोपा प्रश्न विचारला नसेल. त्यांनी हात पुढे केला, बोटांना तरी काही कळेल म्हणून.

"हात नको, साहेब. ओलं आहे अजून. आणि हे हाताचं कामच नाही, डोळ्यांना स्वच्छ दिसतंय."

दुकानात पंखा फिरत होता. सैन्यात दोनपैकी एक निवडायचं तर उशीर करायचा नसतो, हे त्यांच्या अंगात भिनलेलं. त्यांनी डावीकडे बोट केलं.

"हा."

मधुकरराव हसले, पण हसू अर्ध्यावरच राहिलं. "थट्टा करताय का? अहो, त्यावर तर पंजाएवढं पिवळं..."

"मलाबी पैल्यांदा त्योच वाटला," शिवांजली मधेच म्हणाली. "उजेड कसा पडलाय त्यावर. माझंबी तसंच झालं."

लालासाहेबांनी तिच्याकडे मान वळवली. बावीस वर्षांची पोर. दाण्यातला खडा दारातून टिपणारी, रात्री दिव्याशिवाय सुईत दोरा ओवणारी. तिला तो वाटणं शक्य नव्हतं. तिनं खोटं बोलून सासऱ्याच्या अंगावर पांघरूण घातलं होतं. तिचा चेहरा त्यांना धुरकट दिसला, पण ती त्यांच्याकडे बघत नव्हती, एवढं कळलं. ती जमिनीकडे बघत होती आणि तिचा हात पोटावर होता, सकाळी होता तसाच घट्ट.

तिला ठाऊक होतं. ठाऊक असून ती सकाळी गाडीत बसली होती. आणि तासाभरात पॉलिश झालं असतं तर न बोलता परत बसली असती. परतीला ऊन पुन्हा समोरून येणार होतं.

त्यांना एवढी भीती बर्फातल्या घाटातही वाटली नव्हती. तिथं मागं दारूगोळा असायचा. पेटला तर आपण एकटे जाणार, एवढंच.

"मग मेणाचं करू ना?" मधुकररावांनी विचारलं.

लालासाहेब स्टुलावर बसले. खिशातून किल्ली काढली, तिच्यावरून अंगठा फिरवला. साईराजनं फोनवर सांगितलं होतं म्हणून लीलाबाईंनी तिला काळा गोंडा बांधला होता. अंगठ्याला तो मऊ लागला.

"न्हाई," ते म्हणाले. "कोटिंगच मारा. र्‍हाऊ द्या गाडी हितं."

"उत्तम! चिठ्ठीवर नाव लिहून ठेवतो, त्याच माणसाच्या हातात गाडी देतो आम्ही. तुमचंच लिहू ना? उद्या तुम्हीच येणार न्यायला?"

किल्ली टेबलावर ठेवली गेली, पण बोटं तिच्यावरून लगेच उचलली नाहीत.

"सिद्धू ईल," लालासाहेब म्हणाले. "सिद्धू लिवा. गाडी त्यो चालवनार हाय, हितनं फुडं."

मधुकररावांनी लिहिलं. शिवांजलीनं पदर तोंडाशी नेला.

"मीबी ईन त्याच्यासंगं," लालासाहेब म्हणाले. "मला मिरजंला जायचंय जरा."

मिरज दवाखान्यांचं गाव, तिथं माणूस कशाला जातो ते सांगलीत कुणी विचारत नाही. मधुकररावांनीही विचारलं नाही. चिठ्ठी फाडून दिली आणि चहा मागवला.

इस्लामपूरची एसटी पावणेतीनला लागली. शिवांजलीला खिडकीची जागा मिळाली, लालासाहेब तिच्याशेजारी बसले. गाडी सुटली, शहर मागं पडलं, ऊन ड्रायव्हरच्या काचेतून आत आलं. लालासाहेबांनी सवयीनं पाय रोवले आणि वाट बघत राहिले. उसाची गाडी लागली, एसटीनं कर्कश हॉर्न देऊन तिला मागं टाकलं. समोरून ट्रक आला, घासून गेला. एक सायकलवाला कडेला उतरला असावा, त्याची शिवी ऐकू आली.

शिवांजली काहीच बोलली नाही.

बैलांचे गोंडे नाहीत, लाल लुगडं नाही, शाळेची पोरं नाहीत. लालासाहेबांना सकाळचं एकेक आठवू लागलं. गोंडे सांगितले तेव्हा ब्रेक लागला होता. लुगडं म्हणाली तेव्हा सायकल दिसली होती. पोरं म्हणाली तेव्हा आपण तिसाचे वीस केले होते. आणि त्यांना तिचा राग आला होता. त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

तिचं डोकं खिडकीच्या दांडीला टेकलं होतं. ती झोपली होती. गाडीनं खड्डा घेतला तशी ती जराशी जागी झाली.

"आष्टा आलं का, आबा?"

"न्हाई अजून. झोप तू. आष्ट्याचं वळान मला बसल्या जागंला कळतंय."

"बरं," ती म्हणाली आणि पुन्हा डोळे मिटले. पोटावरचा तिचा हात घसरून मांडीवर सैल पडला.