म्हातारी विसरली नव्हती

जळकोटजवळच्या आमच्या शाळेत धडा शिकवायची पद्धत वर्षानुवर्षं ठरलेली आहे. धडा एकदा मोठ्यानं वाचायचा, मग शिक्षक सांगतील त्या ओळींखाली पोरांनी पेन्सिलीनं रेघा मारायच्या. ही ओळ पहिल्या प्रश्नाचं उत्तर, ही दुसऱ्याचं. परीक्षेत ती उतरवली की पैकीच्या पैकी! धड्यात काय घडलं असं विचारलं तर पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. माझं तर डोकंच फिरतं.

म्हणून यंदा पाचवी हातात येताच मी रेघा बंद केल्या. परिच्छेद वाचायचा, पुस्तक मिटायचं आणि काय घडलं ते घरच्या बोलीत शेजारच्याला सांगायचं. उत्तर दिलं की ते कशावरून, हेही धड्यात दाखवायचं. वर्गात नुसता कालवा असायचा, पण पोरं भांडायची ती धड्यावरून.

मुख्याध्यापक वैजनाथ सरांना हा पोरखेळ वाटला. "मंजुश्रीबाई, सोमवारी केंद्रप्रमुख तपासणीला यायलेत. रेघा मारून घ्या. शेरा वाईट आला तर पाचवी काढून घेईन."

"घ्या. पण रेघा मी मारणार न्हाई," मी म्हणाले.

सोमवारी केंद्रप्रमुखांनी एका म्हातारीचा धडा निवडला. हातात नमुना उत्तरांचा कागद. "म्हातारीनं दार उघडं का ठेवलं?"

तनुजा उठली. "तिचं पोरगं येणार होतं, सर."

"चूक. ती दार लावायला विसरली. धड्यात सरळ लिहिलंय."

"तसं शेजारीण म्हणती, सर. म्हातारीनं दोन ताटं वाढलीत. एकटीला दोन कशाला लागत्यात?"

वैजनाथ सर पुढे झाले. "लई शहाणी झालीस! विसरली म्हण."

तनुजानं माझ्याकडे पाहिलं.

"तुला धड्यात जे दिसलं तेच सांग," मी म्हणाले.

"न्हाई इसरली," ती म्हणाली. मागून सत्यम उठला, "न्हाई इसरली, सर." मग अख्खा वर्गच उभा राहिला. मला इतका अभिमान वाटला की ऊर भरून आला.

केंद्रप्रमुख कागदाकडे बघत म्हणाले, "बाई, बरोबर उत्तर सांगा अन् विषय मिटवा."

"बरोबरच सांगितलंय त्यांनी. तुमचा कागद दुरुस्त करा."

त्यांनी असमाधानकारक असा शेरा मारला. दुपारच्या सुट्टीनंतर पाचवी माझ्याकडून गेली. मी रडले, नाही म्हणत नाही. शिक्षा म्हणून वैजनाथ सरांनी मला पहिलीवर टाकलं. तिथल्या पोरांच्या हातात अजून कुणी पेन्सिलसुद्धा दिलेली नाही. चार वर्षांनी माझ्याकडे वाचायला शिकलेली हीच पोरं पाचवीत बसतील, हे सरांच्या डोक्यातच आलं नाही.